मैदानाकडे पाठ करून

पुण्यात एखाद्याचा नीट अपमान करायचा असेल तर माणूस आधी आवाज चढवत नाही, तो 'अहो'वर येतो. मला दोन्ही एकदम जमतं. 'अहो पंच' ही हाक मी अशी मारायचो की मैदानापलीकडच्या रसवंतीत ग्लास विसळणारा मान वर करून बघायचा. नातीच्या खो-खोच्या सामन्यांना जाऊ लागलो तेव्हापासून ही कला माझ्यात बहरली. त्याआधी सगळी नोकरी मी वीजबिलांच्या तक्रारींसाठी ठेवलेल्या खिडकीमागे बसून लोकांची बोलणी खाण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा म्हणतात. आमच्या शेजारच्यांनी बासरी लावली. मी खिडकीच्या पलीकडे, तक्रार करणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

नात अकरा वर्षांची. पेठेतल्याच एका मंडळाकडून खेळते. थंडी पडली की रविवारी सकाळी लहान मुलींचे सामने असतात. लाल माती, चुन्याच्या रेषा, दोन टोकांना दोन खांब आणि दोरीपलीकडे आम्ही पालक. खो-खो मी स्वतः शाळेत एकदाच खेळलो होतो, तेही संघातल्या एका मुलाला गोवर आल्यामुळे. तेवढ्या भांडवलावर मी नियमांचा जाणकार झालो होतो.

पंच दोन असत. पलीकडच्या बाजूला एक वयस्कर गृहस्थ, त्यांना कमी ऐकू यायचं आणि म्हणून ते सुखी होते. आमच्या बाजूला कॉलेजात शिकणारी एक मुलगी. ती याच मंडळाची जुनी खेळाडू. गुडघ्याने दगा दिला, खेळ सुटला, तेव्हा तिने गळ्यात शिट्टी अडकवली. तिला राज्याच्या पंच परीक्षेला बसायचं होतं आणि त्यासाठी हा हंगाम पूर्ण करणं भाग होतं. हे सगळं मला नातीकडून कळलं होतं. पण पंचाला गुडघा असतो, परीक्षा असते, हे दोरीपाशी उभं राहिलं की आठवत नाही.

ज्या रविवारी प्रकरण घडलं त्या दिवशी नात पाठलागावर होती. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही, हा खो-खोतला अगदी पहिला नियम. नातीने झेप घेऊन समोरची शेवटची मुलगी टिपली, आम्ही उड्या मारल्या आणि त्याच वेळी शिट्ट्यांची माळ लागली. पाय पाटीवर पडला होता, गडी बाद नाही. सामना गेला. मी दोरीच्या या टोकाला होतो, पाय त्या टोकाला पडला होता आणि माझा लांबचा चष्मा घरी टीव्हीवर ठेवलेला होता. तरीही पाय पाटीच्या अलीकडेच होता हे मला स्वच्छ दिसलं.

सामना संपल्यावर आम्ही पंचाभोवती जमलो. 'जमलो' हा माझा शब्द. पंच मुलीची आई नंतर त्याला 'घेरलंत' म्हणाली. खराडीत नोकरी करणाऱ्या एका बाबांनी तो क्षण मोबाईलवर सावकाश फिरवून तिच्या नाकासमोर धरला. नातीच्या संघातल्या एका मुलीचे वडील मार्केट यार्डात भुसाराचे व्यापारी आहेत. त्यांनी ट्रक खाली करून घेताना लागतो तो आवाज काढून तिला डोळे तपासून घ्यायला सांगितलं. ती फाटकाबाहेर आपल्या स्कूटरपाशी गेली, तर मी स्कूटरच्या पुढे जाऊन उभा राहिलो. हातात पिशवी, पिशवीत मंडईतून आणलेली मेथी. निर्णयाचा खुलासा झाल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं मी जाहीर केलं. एका बाजूला सत्तरीकडे झुकलेला गृहस्थ आणि मेथीची जुडी, दुसऱ्या बाजूला एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. तिने हेल्मेट चढवलं आणि काच खाली ओढली. त्या काचेआड ती रडत होती. ते बाकी कोणाला दिसलं नाही, कारण तिच्या समोर मीच होतो.

मग मी बाजूला झालो, असं मी घरी सांगितलं. प्रत्यक्षात तिची आई कुठूनशी आली आणि तिने मला दंडाला धरून बाजूला केलं. त्या बाई काही आक्रस्ताळ्या नव्हत्या. त्यांनी मुलीच्या हातातून गाडीची किल्ली घेतली, स्वतः पुढे बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात तिला म्हणाल्या, "आणखी एकदा असं झालं की शिट्टी बंद. परीक्षाही बंद."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. अपमान माझाच झाला आहे असं मी स्वतःला बराच वेळ पटवत होतो, पण हेल्मेटची काच काही डोळ्यांसमोरून हटेना.

मंडळाच्या प्रशिक्षक म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या व्यायामाच्या बाई. त्यांना सगळेच नुसतं बाई म्हणतात. त्यांनी पालकांची सभा बोलावली. त्या म्हणाल्या की आधीचे पंच एकेक करून असेच गेले. एकाने कंबर पुढे केली, एकाने मुलाचं लग्न. आता ही मुलगी गेली तर लहान मुलींच्या सामन्यांना दुसरा पंच उरणार नाही. मुली पळतील, पण निर्णय कोण देणार, तुम्ही? मी हात वर केला. बाईंनी तो न पाहिल्यासारखं केलं.

मग त्यांनी आपली योजना सांगितली. त्या दिवशी घोळक्यात जे जे होते त्यांनी पाळीपाळीने पंचाची सोबत करायची. सोबत म्हणजे काय, तर फाटकापाशी तिला घ्यायचं, सामनाभर रेषेजवळ बसून कोणालाही आत येऊ द्यायचं नाही आणि संपल्यावर पुन्हा फाटकापर्यंत पोचवायचं. पहिली पाळी माझी. व्यापारी म्हणाले, "बाई, चोराच्या हाती किल्ल्या देताय." त्यांच्याशी माझं एकमत होण्याचा तो पहिला प्रसंग.

खरी मेख पुढे होती. सोबतीची खुर्ची मैदानाकडे पाठ करून ठेवायची होती. तोंड लोकांकडे. खेळ बघायचा नाही आणि निर्णयावर चकार शब्द काढायचा नाही. मी विचारलं की मग नातीचा खेळ मी कसा बघायचा. बाई म्हणाल्या, "पाटीवर बसलेल्या निम्म्या मुलींची तोंडं उलटीकडेच असतात, आजोबा. त्यांचं काही अडत नाही."

पुढच्या रविवारी मी डोक्याला टोपी, हातात काठी, खांद्याला पाण्याची बाटली असा सज्ज झालो. काठी मला लागत नाही, ती शोभेला. बायकोने दारातून विचारलं, "मैदानावर चाललात की सीमेवर?" मी उत्तर दिलं नाही. सैनिक उत्तर देत बसत नाहीत.

पंच मुलगी आईच्या मागे बसून आली. आई फाटकाबाहेरच स्कूटरवर बसून राहिली आणि सामना संपेपर्यंत तिथून हलणार नव्हती हे तिच्या बसण्यावरून कळत होतं. मी पुढे होऊन मुलीला सांगितलं की आज आपली सोबत मी करणार आहे. तिने मला पायापासून टोपीपर्यंत बघितलं.

"तुमच्यापासून वाचवायला सोबत ठेवली होती ना?" ती म्हणाली. "मग तुमच्यावर कोण लक्ष ठेवणार?"

मुलगी अस्सल पुण्याची आहे हे मला तेव्हा कळलं आणि वाईट वाटायच्या ऐवजी जरा बरंच वाटलं.

खुर्चीत बसलो आणि समोर बघितलं, तर ही सगळी तोंडं मी आयुष्यभर पाहिलेली. तक्रारखिडकीच्या काचेबाहेर हीच असायची. उगारलेलं बोट, मानेवरची शीर, 'साहेब कुठे आहेत'वाले डोळे. माझ्या पाठीमागे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती, सामना समोर तोंडांवर चालू होता. गंमत म्हणजे सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीवर नव्हतेच. जो तो आपापल्या पोरीकडे बघत होता. व्यापाऱ्यांचं तोंड तर काही घडायच्या आधीच उघडायचं. शिट्टी व्हायची त्याच्या आत 'ओ पंच' निघालेलं असायचं. म्हणजे मीही इतके दिवस असाच दिसत होतो का, हा प्रश्न मला पडला आणि मी तो ताबडतोब बाजूला सारला. पहिल्याच दिवशी इतकं सगळं सोसायचं नसतं.

सामन्याच्या शेवटी शेवटी कसलासा निर्णय झाला. आमच्या बाजूची तोंडं उतरली आणि व्यापारी दोरी ओलांडून तरातरा आले. त्यांच्या मागे खराडीचे बाबा, मोबाईल पुढे धरून. त्यांच्या मागे आणखी दोघे. व्यापारी मला म्हणाले, "आजोबा, बघितलंत का काय दिलं ते?"

"नाही बघितलं," मी म्हणालो. "मला बघायची परवानगी नाही."

ते गोंधळले. ज्याने बघितलंच नाही त्याच्याशी भांडायचं कसं? तेवढ्यात माझ्यातला जुना माणूस जागा झाला. खिडकीवर गर्दी उसळली की आम्ही एकच गोष्ट करायचो. मी काठी आडवी धरली आणि म्हणालो, "आपल्या सगळ्यांची तक्रार ऐकून घेतली जाईल. कृपया रांगेत या."

आणि ते रांगेत आले. म्हणजे येऊ लागले. पण रांग म्हटलं की पुढे कोण हा प्रश्न आलाच. खराडीच्या बाबांचं म्हणणं, आधी उठलो मी, हे वाटेत आडवे आले. व्यापारी म्हणाले, इथे पोचलो आधी मी. मागच्या दोघांपैकी एक जण म्हणाले की त्यांची तक्रार गेल्या रविवारपासूनची आहे, त्यामुळे त्यांचा क्रमांक वरचा. एक आजी नुसत्याच येऊन उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं काही वाटप आहे. हा वाद रंगात आला तोवर मागे सामना संपला, पंचांनी सह्या केल्या. मी मुलीला घेऊन फाटकाबाहेर पडलो, तरी रांगेत पहिलं कोण ते ठरलेलं नव्हतं.

फाटकाशी मुलीने मान वळवून त्या घोळक्याकडे पाहिलं आणि ती हसली. माझ्याकडे बघून नव्हे, पण हसली. तिच्या आईने मात्र किल्ली फिरवली आणि गाडी काढली.

इथे खरं तर मी शहाण्यासारखं थांबायला हवं होतं. पाळी बदलायची होती. पण पुढच्या रविवारी मीच आधी जाऊन खुर्ची ठेवली आणि तिच्यात बसलो. त्याच्या पुढच्या रविवारीही. मिळालेली खुर्ची न सोडण्यात आपल्याकडे कोणी कोणाला हार जात नाही. पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी माझा मैदानाकडे पाठ करून बसलेला फोटो टाकला, त्याखाली अंगठे आले आणि मी चढून गेलो. घरी जेवताना शांतता, संयम अशा विषयांवर बोलू लागलो. बायको म्हणाली, दूधवाल्याशी बोलताना तो संयम दिसू दे.

नात मात्र खूश होती. घरी परतताना ती मला सगळा सामना सांगायची. कोण बसली, कोण उठली, कोणी हूल दिली. एकदा म्हणाली, "तुम्ही उलटे बसलात की मला बरं वाटतं." मी विचारलं का, तर म्हणाली की पूर्वी तुमचा आवाज आला की पाय जड व्हायचे. हे तिने आइस्क्रीम खाता खाता सहज सांगितलं. माझं आइस्क्रीम वितळून मनगटापर्यंत आलं.

हंगामाचा शेवटचा सामना आला. आमचा संघ अंतिम फेरीत. पंच मुलीसाठीही हाच शेवटचा, हा नीट पार पडला की परीक्षेचा मार्ग मोकळा. आई नेहमीप्रमाणे फाटकाबाहेर. मी खुर्चीत, टोपी सरळ, चेहरा मठाधिपतीचा. या खेपेला लांबचा चष्मा खिशात होता. का ठेवला होता ते मला विचारू नका.

शेवटच्या डावात नात पळतीवर होती. समोरच्या तोंडांवर मला ती दिसत होती. तोंडं डावीकडे वळत, उजवीकडे वळत, खांबापाशी थबकत. ती बराच वेळ टिकली असावी, कारण व्यापाऱ्यांनी चक्क डोळे मिटून घेतले होते. मग एकदम सगळ्यांचे हात तोंडावर गेले. ओरडा नाही, काही नाही. मला वाटलं पोर पडली. गुडघा गेला. पंच मुलीचा गेला तसा.

मी वळलो.

पोर पडलेली नव्हती. खांबापाशी उभी राहून धापा टाकत होती आणि पंचाचा हात वर होता. नात बाद. तिला टिपणाऱ्या मुलीचा पाय मात्र पाटीवर होता, मला दिसला, आता तर चष्माही होता डोळ्यांवर, तो केव्हा चढवला मला माहीत नाही. मग इतके रविवार पोटात दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. "अहो पंच," मी ओरडलो, "पाय बघा पाय," आणि तरातरा आत शिरलो. लोक सांगतात मी खुर्चीही बरोबर नेली होती. मला आठवत नाही, पण नंतर ती रेषेच्या आत पडलेली होती, तेव्हा नेली असणार.

सगळं मैदान गप्प झालं. मी पंचासमोर उभा राहिलो आणि त्या गप्प होण्यात मला समजलं की मी काय करतोय. माझ्या मागे आता सगळे उठणार, पुन्हा घोळका होणार, फाटकातून आई येणार आणि शिट्टी कपाटात जाणार. हे माझ्यामुळे होणार होतं, ज्याला हे होऊ नये म्हणून बसवलं होतं त्याच्यामुळे. तोंडातून मात्र अजून 'पाय, पाय' चालूच होतं.

ती मागे सरली नाही. शिट्टी तोंडातून काढून म्हणाली, "आजोबा, तुम्ही रेषेच्या आत आलात."

"पण तिचा पाय..."

"तुमचा पाय." तिने खाली बोट दाखवलं. मी चुन्याच्या रेषेच्या चांगला चार पावलं आत होतो. मग तेच बोट तिने फाटकाकडे केलं. "बाहेर. तुम्ही गेल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही."

मी नातीकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती. मी वळलो आणि चालू लागलो. रेषेपाशी व्यापारी उभे होते, आता हे पेटणार असं मला वाटलं. त्यांनी माझी पडलेली खुर्ची उचलली, मैदानाकडे पाठ करून ठेवली आणि तिच्यात बसले. मी जवळून जाताना लोकांवरची नजर न हलवता म्हणाले, "काही तक्रार असेल तर रांगेत या, आजोबा."

फाटकाबाहेर मला एकट्याला येताना बघून तिची आई स्कूटरवरून उतरली. "तिला कोणी काही केलं?"

"नाही," मी म्हणालो. "मला बाहेर काढलं."

"कोणी?"

"तुमच्या मुलीने."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फाटकाच्या गजांतून आत. आत शिट्टी झाली, खेळ सुरू झाला होता. "ओरडली का तुमच्यावर?"

"नाही. बोट दाखवलं."

"आणि तुम्ही आलात."

"आलो."

आम्ही दोघं गज धरून उरलेला सामना बघत राहिलो. कितीतरी रविवारांनी मी मैदानाकडे तोंड करून उभा होतो. नात बाद झाल्यावर आमच्या दोन मुली थोडा वेळ टिकल्या आणि मग आम्ही हरलो. मी सांगतो ते कोणाला खरं वाटणार नाही, पण मी त्या वेळी मुलींकडे कमी आणि पंचाकडेच जास्त बघत होतो. ती रेषेबरोबर वाकून पळत होती, गुडघ्याची काळजी घेत, आणि खुर्चीकडे, लोकांकडे, फाटकाकडे, कुठेच बघत नव्हती. तिच्या आईने एकदा पदराने चष्मा पुसला.

सामना संपला. कोणी जमलं नाही. व्यापारी खुर्ची काखेत मारून दोन हात अंतर ठेवून तिच्यासोबत फाटकापर्यंत आले आणि परत गेले. ती बाहेर आली. आईने पर्समधून किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

"तू चालव," त्या म्हणाल्या. "आणि यापुढे तुझी तू येत जा. माझे रविवार फुकट जातायत."

मुलीने किल्ली घेतली, हेल्मेट घातलं. आई मागे बसल्या. इंजिन सुरू झालं, पण गाडी हलेना. मी मान वर केली तेव्हा लक्षात आलं की मी पुन्हा बरोबर स्कूटरच्या समोर उभा आहे.

तिने काच वर केली. डोळे कोरडे होते. "आजोबा," ती म्हणाली, "बाजूला."

या खेपेला कोणाला माझ्या दंडाला धरावं लागलं नाही.